बारा रिकाम्या जागा

आमच्या घरी रेशमाची लडी आली की बाबूजी आधी तिच्यातला वीतभर धागा तोडत आणि काडी ओढून जाळून पाहत. केस जळाल्यासारखा वास आला आणि बोटांत राखेचा चुरा झाला, तर माल आत. धागा वितळून त्याची कडक गोळी झाली, तर आणणाऱ्याला चहासुद्धा न विचारता माल परत. ही परीक्षा मी इतक्या लहानपणापासून पाहिली होती की जगातल्या सगळ्या घरांत वस्तू अशाच घेतात असं मला वाटायचं. आईचंही तसंच. पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा घेताना भाजीवाली कितीही ओळखीची असो, ढिगाच्या तळाशी हात घालून चार शेंगा काढायच्या, सोलायच्या, दाणे मोजून मगच तराजूकडे बघायचं. तूप आलं की मनगटावर चोळायचं, दूध आलं की बोट बुडवून थेंब नखावर उभा राहतो का ते बघायचं. धंदा घरातच असल्यामुळे दुकान कुठं संपतं आणि घर कुठं सुरू होतं हे आम्हाला कधी कळलं नाही, आणि शंका दोन्हीकडे सारखीच फिरत राहिली.

घर भंडाऱ्यातलं, विणकरांच्या वस्तीतलं. बाहेरच्या खोलीत दोन हातमाग. एकावर बाबूजी बसत. दुसरा, दादा नागपूरला पॉलिटेक्निकला गेल्यापासून, नुसताच उभा होता. पहाटेपासून धोट्याची ये-जा सुरू व्हायची, आणि तो खटखट आवाज थांबला की आम्ही मान वर करून बघायचो, की बाबूजींना काय झालं. मी बारावी होऊन घरी बसले होते. स्थळं पाहणं चाललं होतं. सकाळी कांड्या भरायच्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या छोट्या नळ्यांवर चरख्याने सूत गुंडाळायचं, दुपारी आईच्या हाताखाली, आणि संध्याकाळी पुन्हा कांड्या. बाबूजी आठवड्यातून तीन-चार गावांचे बाजार करत. लुगडी, पातळं आणि थोडी रेशीमकाठी. शहापूरच्या बाजारात त्यांची ठरलेली जागा होती आणि तिथं त्यांचा शब्द चाले. "कोष्टीबुवा म्हणून राहिले म्हणजे खरं," असं लोक म्हणत, आणि हे वाक्य बाबूजी घरी येऊन जेवताना आम्हाला सांगत.

या घरात तो काळा डबा आला मामाजींकडून. मामाजी आखातात वेल्डर होते. त्यांनी आपल्या मुलासाठी तिकडून एक घरगुती कॉम्प्युटर आणला होता. दिसायला नुसता कीबोर्ड, रबराची करडी बटणं, मागून वायर काढून टीव्हीला जोडायची. मुलगा होस्टेलला गेला, यंत्र जुनं झालं, दोन बटणं रुतून बसू लागली, तेव्हा मामीने ते एका जुन्या साडीत गुंडाळून आमच्याकडे पाठवलं. आमच्याकडे काळापांढरा टीव्ही नुकताच आला होता. तो आम्ही रिकाम्या मागाच्या आडव्या फळीवर ठेवला आणि त्याच्यापुढे हा डबा.

खेळ कॅसेटवर असायचे. साधा टेपरेकॉर्डर वायरीने डब्याला जोडायचा, कॅसेट लावायची, आणि मग तो आवाज. आजच्या मुलांना तो आवाज सांगून समजत नाही. लोखंडी पत्र्यावर कोणी खिळा ओढतंय आणि मधूनच एखादा पक्षी किंचाळतोय, असं चार-पाच मिनिटं. त्या चार-पाच मिनिटांत बाबूजींचा माग थांबायचा. पलीकडच्या घरातले कवडूकाकाजी भिंतीवरून डोकं काढून विचारायचे, "कुंदे, काय पकडून राहिली वं? वायरलेस तं नाई ना?" जवाहरनगर इथून बसने थोड्याच अंतरावर, तिथं दारूगोळा बनतो, असा आवाज घरातून बाहेर जाणं बरं नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी ते वस्तीभर सांगितलं. काही दिवस शेजारच्या बाया आमच्याकडे विरजण मागायला येत आणि जाताना टीव्हीच्या मागे डोकावून बघत.

मला मात्र त्या डब्याचं वेड लागलं. एक खेळ होता, गुहेतल्या माणसाचा. तो एवढासा माणूस दगडांवरून उड्या मारत खाली खाली जाई आणि वाटेतले दिवे गोळा करी. पडला की पुन्हा पहिल्यापासून. मी कांड्या भरताना मनातल्या मनात त्या गुहेच्या पायऱ्या मोजत असे. घरात मला कोणी काही करून दाखवायला सांगत नव्हतं, बघायला येणारे लोक सोडले तर. आणि ते सांगत ते म्हणजे चालून दाखव, नाव लिहून दाखव. गुहेत मी चांगली होते. पाहता पाहता माझ्याकडचे सहाही खेळ संपले. दादाने नागपुरातून नव्या खेळांची कॅसेट भरून पाठवली, पण त्यातला एकही चालेना. पाच मिनिटं किंचाळून झाल्यावर पडद्यावर इंग्रजीत ओळ यायची: मेमरी संपली.

दादाचं पत्र आलं. त्याने लिहिलं होतं की आपल्या डब्याची मेमरी सोळा के आहे, नव्या खेळांना अठ्ठेचाळीस लागते. डब्याच्या आत बारा रिकाम्या जागा आहेत, कंपनीने मुद्दाम सोडलेल्या. त्यांत बारा चिपा बसवल्या की झालं. नवीन घ्यायचं तर आपल्या आवाक्यातली गोष्ट नाही. नागपुरातले बसवून देतात पण फार मागतात. शहापूरला हायवेवर रामटेके नावाचा एक जण टीव्ही-रेडिओ दुरुस्त करतो, त्याचा हात चांगला आहे असं कॉलेजातला मित्र सांगत होता. पत्र मी मोठ्याने वाचलं. बाबूजी माग थांबवून ऐकत होते.

"रिकाम्या जागा ठेवून माल विकते?" ते म्हणाले. "कोनती कंपनी विकते असा? मी अर्धं पातळ विनून देऊ का लोकायले, बाकीचं तुमी भरा म्हनून?"

तरी त्यांनी हो म्हटलं. कांड्या भरण्याचे माझे म्हणून जे पैसे आई बाजूला ठेवत असे, ते मी द्यायचे आणि वरचे ते घालणार, असं ठरलं. पण अट एकच: माणूस आधी घरी येईल, आपल्या डोळ्यांसमोर डबा उघडून दाखवेल.

रामटेके आला तो सायकलवर. तिशीतला, काटकुळा, शर्टाच्या खिशाला स्क्रूड्रायव्हर अडकवलेला. बाबूजींनी त्याला ओसरीवर बसवलं आणि तिथंच त्याने डबा उपडा करून उघडला. आई चहा घेऊन आली तो काचेच्या ग्लासात. तो ग्लास ओसरीच्या कोनाड्यात वेगळा उपडा ठेवलेला असे; बाकी पाहुण्यांना कपबशी. त्या वेळी मला याचा अर्थ कळला नव्हता असं लिहायला मला आवडलं असतं. अर्थ मला माहीत होता. फक्त त्यात काही वावगं आहे असं वाटत नव्हतं. रामटेकेने चहा घेतला, ग्लास स्वतः ओसरीखालच्या नळावर धुतला आणि जागेवर ठेवला. कोनाडा कुठं आहे हे त्याला कोणी दाखवलं नव्हतं.

मग त्याने मला बोलावून आत दाखवलं. हिरव्या पाटीवर काळे किडे बसावेत तशा चिपा होत्या, आणि एका बाजूला खरंच बारा रिकामी घरं. "याच्यात चार लहान चिपा लागतात, त्या नागपूरले भेटते," तो म्हणाला. "आठ मोठ्या लागतात. त्या मी मुंबईवरून बलावतो. त्या अर्ध्या मेलेल्या असतात."

"म्हंजे?" बाबूजींनी विचारलं.

"म्हंजे काकाजी, बनवतानी त्याचा अर्धा भाग खराब निंगते. मंग कंपनी फेकत नाई, अर्ध्या भावात इकते. कोनता अर्धा चांगला ते पाहून एक तार इकडं नाई तं तिकडं जोडाची. काम बरोबर करते. या मशीनमंधी कंपनी बी तशाच टाकते."

बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर ज्यांनी भेसळीचा धागा ओळखून बाहेर काढला, त्यांच्यासमोर बसून एक माणूस सांगत होता की तो खराब माल टाकणार आहे. खरं बोलणं इतकं लबाडीसारखं वाटू शकतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, पण दिसलं तसं समजलं मात्र नाही. तो गेल्यावर बाबूजी म्हणाले, "मले हा मानूस बराबर वाटत नाई."

"काहून?" आईने विचारलं.

"वाटत नाई," बाबूजी म्हणाले आणि मागावर जाऊन बसले.

ठरलेल्या दिवशी डबा शहापूरला न्यायचा होता. आदल्या दुपारी मी बाबूजींची लाल मेणाची पेन्सिल घेतली. कापडाच्या टोकावर खूण करायची ती पेन्सिल. डबा उपडा करून त्याच्या रबरी पायापाशी बारीक 'कुं' लिहिलं. ही कल्पना माझी एकटीची. बाबूजींनी सांगितली नव्हती. उलट त्यांना दाखवली तेव्हा ते इतके खूश झाले की त्यांनी मला पाठीवर थोपटलं. "माही पोरगी हाये," म्हणाले. माझ्या आठवणीत तरी त्यांनी मला असं म्हटल्याचं ते पहिलंच.

डबा बाबूजींनी नेऊन दिला. चिपांचं पार्सल यायला पंधरा-वीस दिवस लागले. ते दिवस वाईट गेले. डबा नसल्यामुळे वाईट, आणि शंकेमुळे त्याहून वाईट. बाबूजी बाजारच्या दिवशी मुद्दाम रामटेकेच्या टिनाच्या दुकानावरून जात आणि घरी येऊन सांगत, "फळीवर नाई दिसला." पुढच्या वेळी, "मी गेलो तं त्यानं काहीतरी कपड्याखाली झाकलं." मग कवडूकाकाजी एकदा जवाहरनगरच्या बसमधून येताना शहापूरला उतरले आणि बातमी घेऊन आले: रामटेकेच्या दुकानात आमचा डबा टीव्हीला लावलेला आहे आणि दोन ट्रक ड्रायव्हर बाकावर बसून खेळ बघताहेत. "तुमच्या मशीनवर तो सिनेमा दाखवून राहिला ना बाप्पा!" मी त्या रात्री भात चिवडत बसले. माझा गुहेतला माणूस परक्या लोकांपुढे उड्या मारतोय, असं डोळ्यांपुढे येत होतं. चालवून पाहिल्याशिवाय यंत्र देता येत नाही, एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याही मनात आली नाही.

माझा धाकटा मुलगा पुण्यात असतो. त्याचा कॉम्प्युटर खेळांसाठीचाच आहे, आत रंगीत दिवे, काचेची भिंत. नवीन पार्ट परवडत नाहीत म्हणून तो कुणा अनोळखी माणसाचं वापरलेलं ग्राफिक्स कार्ड घेतो; कुठल्या तरी चौकात भेटतात, अर्धा तास चालवून बघतो, नंबर ताडून बघतो, उघडतानाचा व्हिडिओ काढतो. मला फोनवर हे सगळं सांगतो आणि विचारतो, बरोबर केलं ना आई? मी हो म्हणते. बरोबरच आहे. पण फोन ठेवल्यावर मला शहापूरचं ते टिनाचं दुकान आठवतं.

डबा परत आला तो बाबूजींच्या हातून. बाजार आटोपून संध्याकाळी ते घेऊन आले. मी लगेच जोडला. बटणांना हात लावला आणि थबकले. रुतणारी दोन बटणं आता रुतत नव्हती. सगळीच बटणं मऊ, सरळ खाली जाणारी. उपडा करून पाहिला तर दोन स्क्रू नवे, चकचकीत. आणि रबरी पायापाशी काहीच नव्हतं. माझं 'कुं' नव्हतं. दिवा जवळ आणला, तिरपा धरून पाहिला. कोरं.

"बाबूजी," मी म्हटलं, "हा आपला नाई."

त्यांनी हात पुढे केला, डबा घेतला, बोट फिरवलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. माल जळून गोळी झाल्यावर जसा असे तसा चेहरा होता, समाधानाचा. तरीही मी नवा खेळ लावून पाहिला. किंचाळणं संपलं, पडद्यावर मोठा किल्ला उभा राहिला, आणि दहाव्या मिनिटाला चित्र थरथरलं, रेघा आल्या आणि सगळं काळं झालं. पुन्हा लावलं, पुन्हा तसंच. "अर्ध्या मेलेल्या," बाबूजी म्हणाले. "सांगूनच देल्या त्यानं."

पुढच्या बाजाराला ते मला सोबत घेऊन गेले. दुकान हायवेच्या कडेला, बाजाराच्या तोंडावर. त्या दिवशी गर्दी होती. रामटेके कोणाच्या तरी रेडिओत डोकं घालून बसला होता. बाबूजींनी डबा त्याच्या टेबलावर आपटला नाही, हळूच ठेवला, पण आवाज चढवला.

"आमचा डबा कुटी हाये?"

"हाच तुमचा काकाजी."

"हा आमचा नाई. आमच्याच्यावर खून होती. पोरीनं केली होती. बुडाशी."

रामटेकेने डबा उलटा करून पाहिला. "माह्याकडं आला तवा खून नोती."

"आन् बटनं? स्क्रू?"

"बटनाखाली कचरा होता, साफ केला. दोन स्क्रू नोतेच, माह्याकडचे टाकले."

"वा! कोनी सांगतलं होतं साफ कराले?"

एव्हाना लोक थांबले होते. मिरच्यांचं पोतं खांद्यावर घेतलेला एक जण, बांगड्यावाली, बसची वाट बघणारे. बाबूजी त्यांच्याकडे वळून बोलू लागले, लुगडं पसरून दाखवताना बोलत तसे. "आयका. हा मानूस तोंडानं सांगते का मी मेलेल्या चिपा टाकतो. सांगतलं का नाई तू?"

"सांगतलं होतं," रामटेके म्हणाला.

लोकांत हशा झाला. एका धोतरवाल्याने पुढे होऊन फळीवरचा आपला रेडिओ उचलला. "माहा तं दे बाप्पा, जसा हाये तसा." मग दुसऱ्याने आपला घेतला. रामटेके त्यांना अडवत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. 

"ताई," तो म्हणाला, "तू सांग. ते खेळ तूच खेळते ना? तुले वाटते का मी बदलवला?"

मी त्याच्याकडे पाहिलं, मग बाबूजींकडे. "हो," म्हटलं.

एवढंच. त्याने मान हलवली, खाली बसला आणि उघड्या रेडिओत पुन्हा डोकं घातलं. तो रेडिओ कोणाचा होता कोण जाणे. त्याचा मालकही थोड्या वेळाने घेऊन गेला असेल. आम्ही आमचा नसलेला डबा घेऊन बस पकडली. "खोटा का असेना, हातचा कायले सोडा," बाबूजी म्हणाले. घरी येईपर्यंत ते चार जणांशी त्याबद्दल बोलले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबूजी आसगावच्या बाजूला वसुलीला गेले होते आणि कांड्या भरून झाल्या होत्या. मी नुसताच, काही करायला नव्हतं म्हणून, डबा लावला. किल्ला उभा राहिला. दहा मिनिटं झाली, वीस झाली, तास झाला. काहीही थरथरलं नाही. मी किल्ल्याच्या चार मजल्यांवर जाऊन आले. संध्याकाळी आमच्या वस्तीतले बल्ब लालसर व्हायचे, पंखा जेमतेम फिरायचा, इतकी वीज कमी यायची. वाढलेल्या यंत्राला ती पुरत नव्हती, एवढीच भानगड. हे मला त्या वेळी नीट उमगलं नाही.

आई स्वयंपाकघरात आयते करत होती. तांदळाचं पातळ पीठ तव्यावर गोल ओतायचं, झाकायचं, आणि कडा सुटल्या की उचलायचं. मी जाऊन शेजारी बसले. तिने विचारलं, "काल काय झालं वं बजारात? तुह्ये बाबूजी तं लय सांगून राहिले होते, पन मले काही समजलं नाई. कायची खून?"

मी सांगितलं. लाल मेणाच्या पेन्सिलीने, रबरी पायापाशी.

आईच्या हातातली पळी तशीच राहिली. "लाल?"

"हो."

"बारीक, असं वाकडं?"

तव्यावरचा आयता करपायला लागला तरी तिने उचलला नाही.

"ते तं मी पुसलं," ती म्हणाली. "तू आंघोळीले गेली होती. मी डबा पिशवीत टाकत होती, तं बुडाले लाल काहीतरी लागून दिसलं. म्हटलं लोकाच्या दुकानात आपली वस्तू अशी घान कायले जावं. घासलेटाच्या फडक्यानं पुसून देल्लं." आणि थोड्या वेळाने, "मले काहून नाई सांगतलं वं तू?"

ती खूण मी बाबूजींना दाखवली होती, आईला नाही. आईला सांगण्यासारखी ती गोष्ट आहे असंच मला वाटलं नव्हतं.

बाबूजी आल्यावर आईने त्यांना सांगितलं. ते हात धूत होते, धूतच राहिले. मग म्हणाले, "झालं ते झालं. डबा चालते ना? चालू द्या."

"त्या मानसाचं दुकान?"

"मी बजारात जाऊन नाक खाली करू? उद्या मी सांगन का हे रेशीम हाये, तं लोक काय म्हनतीन?"

"तुमाले तो पयल्या दिवसापासून चोर वाटला," आई म्हणाली. "काहून वाटला, ते तं सांगा."

त्या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि ते ओसरीच्या कोनाड्यात उपडं ठेवलेलं होतं.

दोन दिवसांनी मी एकटी शहापूरला गेले. आईने बसचे पैसे दिले आणि काही विचारलं नाही. दुपारची वेळ, हायवेवर ट्रक सोडले तर कोणी नव्हतं. दुकानातल्या फळीवर पूर्वी रेडिओंची रांग असे. आता दोनच होते. मी उभी राहून सगळं सांगितलं. खूण आईने पुसली, डबा आमचाच आहे, सकाळी चांगला चालतो, माझं चुकलं. रामटेके तारेवर कथील सोडत होता. धूर त्याच्या डोळ्यांसमोरून वर जात होता.

"त्या दिवशी किती लोक होते?" त्याने विचारलं.

"लय."

"आता?"

मी मागे वळून पाहिलं. "कोनीच नाई."

"मंग?" तो म्हणाला आणि पुढची तार उचलली.

मी घरी येऊन आईला हे सांगितलं. तिने पदर खोचला. बाजारच्या दिवशी बाबूजी गाठोडं घेऊन निघाले, त्यानंतरच्या बसने आम्ही दोघी निघालो.

मला वाटलं होतं, लोक जमतील. त्या दिवशी कसे आपोआप जमले होते! मी दुकानापुढे उभी राहिले आणि म्हटलं, डबा आमचाच आहे, यांनी काही बदललं नाही, मी खोटं बोलले. बांगड्यावालीने वर पाहिलं आणि पुन्हा बांगड्या लावू लागली. एक म्हातारा म्हणाला, "काय म्हनते पोट्टी?" आणि पुढे गेला. माझा आवाज ट्रकच्या आवाजात मिसळून जात होता. आईने माझा दंड धरला आणि मला दुकानाच्या बाकावर उभं केलं. "पुन्हा म्हन," ती म्हणाली. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा सात-आठ जण थांबले होते, आणि त्यांच्या पाठीमागे, आपली लुगड्यांची पथारी सोडून आलेले बाबूजी. ते आम्हाला थांबवायला आले होते की ऐकायला, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. त्यांनी मला बाकावर पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि परत आपल्या जागेवर गेले.

पहिला रेडिओ उचलणाऱ्या धोतरवाल्याला मी बाजारात शोधून काढलं. कांदे घेत होता. त्यालाही सांगितलं. "असं का," तो म्हणाला. "पन मी तं तो भंडाऱ्याले दुसऱ्याकडं टाकला ना आता." रामटेकेच्या दुकानात परतलो तर त्याने समोरच्या टपरीवरून तीन चहा मागवले होते. त्याचा चहा वेगळा नव्हता, आमचा वेगळा नव्हता. सगळे सारखेच कप होते, एकाचा कान तुटलेला. आईने तुटक्या कानाचा घेतला आणि सगळा प्यायली. माफ केलं असं तो म्हणाला नाही. आम्हीही विचारलं नाही.

बाबूजी आठ-दहा दिवस आईशी बोलले नाहीत. मग बोलू लागले, पण रामटेकेचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. काही रेडिओ हळूहळू फळीवर परत आले, काही कधीच आले नाहीत. आम्ही ओसरीवरचा तो ग्लास... नाही, इथं थांबते. मी आता जे लिहायला निघाले होते ते घडलं नव्हतं. ग्लास होता तिथंच राहिला, पुढे कित्येक वर्षं. आईने एकटीने जेवढं केलं तेवढंच झालं.

मी दुपारपर्यंत खेळत असे. किल्ल्याचे सगळे मजले मी पाहिले. दीडेक वर्षाने, माझं लग्न ठरलं त्या सुमारास, डबा एके दिवशी सुरूच झाला नाही. बटण दाबलं तरी पडदा कोरा. नागपूरला पाठवता आला असता, पण मी तो पिशवीत घातला आणि शहापूरला नेला.

रामटेकेने मला ओळखलं. डबा हातात घेतला, पण टेबलाखाली ठेवला नाही. माझ्यासमोर स्क्रू काढले, झाकण उचललं. मग वहीतलं एक पान फाडलं आणि पाटीवरच्या एकेका चिपेवरचे बारीक आकडे वाचत ते लिहून काढू लागला. नवे बारा, जुने सगळे, स्क्रू किती, त्यातले नवे किती, बटणं कशी, कोपरा कुठं खरवडलेला. अक्षर सुबक होतं. मधे एक ट्रकवाला आला, टेपरेकॉर्डर टेबलावर टाकला आणि "परवा घेतो" म्हणून निघूनही गेला. रामटेकेने त्याचं नावसुद्धा विचारलं नाही.

माझं पान भरल्यावर त्याने खाली स्वतःची सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. मला वाटलं, निदान एवढा विश्वास तरी आपण दाखवावा. मी पानाकडे न बघता सही करायला वाकले. त्याने कागदावर हात ठेवला.

"वाच," तो म्हणाला.

मग मी वाचलं. त्याच्यासमोर उभं राहून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.